चेंडू माझ्याकडे येतच नाही

दोन कप्तान समोरासमोर उभे राहतात. बाकी सगळे एका रांगेत. "मला हा." "मग मला तो." रांग लहान लहान होत जाते आणि शेवटी दोघं उरतात. त्या दोघांनाही नेमकी त्याच वेळी बुटाची नाडी नीट बांधायची असते. त्यातला एक घेतला जातो. उरलेल्याबद्दल कप्तान म्हणतो, "जाऊ दे, याला तुम्हीच घ्या." चौथीपासून आठवीपर्यंत तो उरलेला मुलगा बहुतेक वेळा मी असायचो.

त्याच शाळेत माझी ताई व्हॉलीबॉलच्या संघाची कप्तान होती. ती त्या रांगेत कधी उभीच राहिली नाही. नावं घेणारी तीच. मैदान ताईचं आणि वर्ग माझा, अशी वाटणी घरात सगळ्यांनी मनोमन करून टाकली होती. मग ती नववीत असताना गणिताच्या पेपरात तिला वर्गात सर्वांत जास्त गुण पडले. पेपर हातात देताना बाईंनी भर वर्गात विचारलं, "तूच सोडवलास ना हा?" वर्ग हसला. त्या संध्याकाळी ताई सरावाला गेली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, "सर्व्हिस चुकली की कुणी विचारत नाही, तूच मारलीस ना म्हणून."

सांघिक खेळाची धास्ती, खेळाडूंबद्दलचे ठोकळेबाज समज आणि मैदानावर किंवा मैदानाच्या आडून चालणारी दादागिरी या तीन वेगळ्या तक्रारी म्हणून आपण ऐकतो. माझ्या मते त्यांचं मूळ एकच आहे. मुलांच्या जगात मान कसा वाटला जातो आणि तो वाटला जात असताना मोठी माणसं कुठे बघत असतात, या प्रश्नापाशी तिन्ही येऊन मिळतात. गेल्या साठ-सत्तर वर्षांत यावर बराच अभ्यास झाला आहे. तो कळला तर बऱ्याच घरांतलं आणि शाळांमधलं दुखणं कमी होईल असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

आधी सांघिक खेळाचीच धास्ती का वाटते ते पाहू. धावण्याच्या शर्यतीत मी शेवटचा आलो तर माझ्यामुळे दुसऱ्या कुणाचं काही जात नाही. संघात मी झेल सोडला की दहा जणांचं नुकसान होतं, आणि त्या दहाही जणांनी तो सुटताना पाहिलेला असतो. वहीत चुकलेलं गणित फक्त बाईंना दिसतं. चेंडू मात्र उंच उडतो, सगळ्यांच्या माना वर होतात आणि तो ज्याच्या दिशेने खाली येऊ लागतो त्याच्यावर सगळ्या नजरा खिळतात. ते दोन सेकंद ज्याने काढले आहेत त्याला ते मोठेपणीही आठवतात. चूक उघड्यावर होते आणि तिची भरपाई दुसऱ्यांना करावी लागते. अशाने मूल शरमतं, आणि शरमलेलं मूल पुढच्या वेळी चेंडू जिथे येणार नाही अशी जागा शोधून उभं राहतं.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. अभ्यासात मागे पडलेल्याला पुस्तक उघडायला कुणाची परवानगी लागत नाही. संघात चेंडू दुसऱ्याने द्यावा लागतो. ज्याला जमत नाही त्याच्याकडे चेंडू येत नाही, आणि चेंडू येत नाही म्हणून त्याला जमत नाही. तासभर मैदानात उभी राहून एकदाही चेंडूला हात न लागलेली मुलं असतात. हजेरीच्या वहीत ती खेळलेली असतात.

चेंडू न येण्याने माणसाला नेमकं काय होतं याचा अभ्यास किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी केला, आणि त्याची सुरुवात एका साध्या प्रसंगातून झाली. ते एका बागेत बसले होते. जवळच दोन अनोळखी माणसं फ्रिसबी खेळत होती. फ्रिसबी घरंगळत यांच्यापाशी आली, यांनी ती परत फेकली, त्यांनी पुन्हा यांच्याकडे फेकली. काही वेळ तिघं खेळले. मग काही न बोलता त्या दोघांनी यांच्याकडे फेकणं बंद केलं आणि पुन्हा आपापसात खेळू लागले. अनोळखी माणसं, पाच मिनिटांचा खेळ, तरीही विल्यम्स यांना ते चांगलंच लागलं. त्यावरून त्यांनी संगणकावरचा एक छोटा खेळ तयार केला. पडद्यावर तीन आकृत्या, एक चेंडू. सुरुवातीला चेंडू तुमच्याकडे येतो, मग उरलेले दोघं आपसातच फेकत राहतात. एवढ्यानेही लोकांचा मूड जातो, आपण इथले नाही असं वाटू लागतं, स्वतःबद्दलचं मत खाली येतं. समोरचे दोघं माणसं नसून संगणकच आहे असं आधी सांगून ठेवलं तरीही. आता पडद्यावरच्या आकृत्यांच्या जागी रोज भेटणारी, नावानिशी ओळखणारी मुलं ठेवून बघा, आणि पाच मिनिटांच्या जागी चार वर्षं.

मराठीत यासाठी आधीपासून एक शब्द आहे: लिंबूटिंबू. लहानग्याला खेळात घ्यायचं, पण तो बाद झाला तरी बाद धरायचा नाही. पाच वर्षांच्या मुलाला ही सवलत म्हणजे लाड. बारा वर्षांच्या मुलाला तीच सवलत दिली की त्याला बरोबर कळतं, आपण असलो काय नि नसलो काय, सारखंच. मला लिंबूटिंबू म्हणणारी मुलं वाईट नव्हती. त्यांना वाटायचं ती माझ्यावर उपकारच करताहेत.

कच्चा खेळाडू म्हणजे संघाला ओझंच, हेही तपासून पाहायला हवं. १९२० च्या दशकात ओटो कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी बर्लिनमधल्या एका नौकानयन क्लबच्या सदस्यांना वजन उचलायला लावलं, आधी एकेकट्याने आणि मग जोडीने. जोडीतला कमी ताकदीचा माणूस थकला की काम थांबणार, अशी रचना होती. अशा वेळी तो कमी ताकदीचा माणूस एकट्याने टिकला असता त्याहून जास्त वेळ टिकला. हा फायदा सर्वांत जास्त कधी दिसला? दोघांच्या ताकदीत फरक होता, पण फार मोठा नव्हता, तेव्हा. कच्च्या खेळाडूला आपल्यावर काहीतरी खरोखर अवलंबून आहे असं वाटलं आणि गाठता येण्याजोगं अंतर समोर असलं, तर संघात तो एकट्यापेक्षा जास्त देतो. त्याला सीमारेषेपाशी नुसतं उभं केलं तर यातलं काहीच होत नाही.

आता "याच्या अंगातच खेळ आहे" आणि "याला खेळाचं अंगच नाही" या दोन शिक्क्यांकडे येऊ. हे शिक्के फार लवकर बसतात, आणि ते बसण्यामागे एक कारण असं आहे जे बहुतेक पालकांना ठाऊकच नसतं: जन्ममहिना.

एका वर्गात किंवा एका वयोगटात वर्षभरात जन्मलेली सगळी मुलं एकत्र येतात. त्यात सर्वांत मोठं मूल आणि सर्वांत लहान मूल यांच्यात अकरा महिन्यांहूनही जास्त अंतर असू शकतं. चाळिशीत अकरा महिने म्हणजे काहीच नाही. सहा वर्षांच्या, म्हणजे ७२ महिन्यांच्या मुलासाठी ते त्याच्या सगळ्या आयुष्याच्या सुमारे १५ टक्के आहेत. तेवढ्यात उंची वाढते, हाताडोळ्यांचा मेळ बसतो, सूचना ऐकून त्याप्रमाणे वागण्याची समज येते. कॅनडात रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा पाहिल्या. तिथे वयोगट १ जानेवारीपासून मोजला जात असे. वरच्या पातळीवरच्या खेळाडूंमध्ये जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांची संख्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा खूपच जास्त निघाली. नंतर असाच कल फुटबॉलसह अनेक खेळांत आढळला.

हे घडतं कसं, तर पायरीपायरीने. थोडं मोठं मूल थोडं चांगलं खेळतं. प्रशिक्षक त्याला संघात घेतात. त्याला जास्त सराव, जास्त सामने, जास्त शाबासकी मिळते. दोन वर्षांनी ते मूल खरोखरच पुष्कळ चांगलं खेळू लागलेलं असतं आणि आपण म्हणतो, "बघा, आम्ही म्हणत होतो ना." दुसरीकडे, वर्षाच्या शेवटी जन्मलेलं मूल त्याच दोन वर्षांत शिकतं की खेळ आपल्यासाठी नाही. वयात येताना ही तफावत आणखी वाढते. तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या शरीराच्या वाढीत दोन-तीन वर्षांचा फरक सहज असू शकतो. एकाला मिसरूड फुटलेलं आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही, आणि दोघं एकाच चेंडूमागे एकमेकांना खांदा मारत धावताहेत. इंग्लंडमधल्या काही फुटबॉल अकादमींनी म्हणूनच वयाऐवजी शारीरिक वाढीनुसार गट करून सामने खेळवून पाहिले. लवकर वाढलेल्यांना त्यात नुसत्या ताकदीवर निभावून नेता येईना, डोकं चालवावं लागलं. उशिरा वाढणाऱ्यांना पहिल्यांदाच पायात चेंडू खेळवता आला.

एवढं कळल्यावर सहावीतल्या मुलाला "तुला खेळ जमतच नाही" असं सांगायला जीभ रेटू नये.

खेळाडूंना आपण कोणते शिक्के लावतो? खेळाडू म्हणजे दांडगट. खेळाडू म्हणजे अभ्यासात ढ. खेळाडू म्हणजे शिष्ट. न खेळणाऱ्यांसाठीही शिक्के तयारच असतात: पुस्तकी किडा, भित्रा, आणि मुलगा असला तर "मुलीसारखा". ताईसारख्या खेळणाऱ्या मुलींना याचा उलटा आहेर मिळतो, "पोरासारखी". हे सगळे शिक्के एका भाबड्या हिशेबावर उभे आहेत, की निसर्ग सगळ्यांना समान मापाने देतो, म्हणून अंगात जास्त असेल तर डोक्यात कमी असणारच. असा हिशेब निसर्ग ठेवत नाही. तो आपल्या मनाच्या सोयीसाठी आपण ठेवतो. ज्याचा हेवा वाटतो त्याच्यात एक तरी उणं सापडावं, म्हणजे जीव थंडावतो.

हेवा वाटायला जागा असते, कारण मान खरोखरच असमान वाटला जातो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या दहा शाळांमध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुम्ही शाळेत कशासाठी लक्षात राहावं असं तुम्हाला वाटतं: हुशार विद्यार्थी म्हणून, उत्तम खेळाडू म्हणून, की सगळ्यांचा आवडता म्हणून? १९६१ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात मुलग्यांची सर्वांत जास्त पसंती उत्तम खेळाडूला होती. कोलमन यांचं स्पष्टीकरण मला अजूनही पटतं. अभ्यासात चांगले गुण मिळवणारा मुलगा फक्त स्वतःसाठी मिळवतो, उलट त्याच्यामुळे बाकीचे मागे दिसतात. खेळाडू जिंकतो तेव्हा अख्ख्या शाळेसाठी जिंकतो. म्हणून खेळाडूला खांद्यावर घेतात आणि हुशार मुलाला टोपणनाव मिळतं.

शिक्क्याचा परिणाम नुसता मनाला लागण्यावर थांबत नाही. जेफ स्टोन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांना गोल्फसारखा एक छोटा खेळ खेळायला दिला. काहींना सांगितलं की ही खेळातल्या बुद्धीची परीक्षा आहे, काहींना सांगितलं की ही नैसर्गिक शारीरिक क्षमतेची परीक्षा आहे. खेळ तोच, चेंडू तोच. बुद्धीची परीक्षा म्हटल्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा खेळ खालावला. नैसर्गिक क्षमतेची परीक्षा म्हटल्यावर गोऱ्यांचा. ज्या गटाबद्दल जो समज प्रचलित, तो त्यांच्या हातात उतरला. प्रिन्स्टन विद्यापीठात २००५ मध्ये झालेल्या एका अभ्यासात खेळाडू विद्यार्थ्यांना गणिताच्या चाचणीआधी त्यांच्या खेळाडूपणाची आठवण करून दिली, तर त्यांची कामगिरी घसरली. अशा प्रयोगांचे परिणाम पुढच्या मोठ्या अभ्यासांत सुरुवातीला वाटले होते तेवढे मोठे निघाले नाहीत, हेही सांगायला हवं. पण ताईच्या बाबतीत मला प्रयोगाची गरज नाही. दहावीत गणिताचा पेपर लिहिताना तिने प्रत्येक उत्तर दोनदा तपासलं आणि शेवटचा प्रश्न राहून गेला. तपासत का बसलीस, असं आईने विचारलं. ती म्हणाली, "चुकलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघा."

आता बुलिंग. मराठीत आपण चिडवणं, टर उडवणं, दमदाटी, दादागिरी, छळ असे बरेच शब्द वापरतो आणि त्यांच्या गर्दीत मुख्य फरक हरवतो. स्वीडन-नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकात या विषयावरचं पहिलं मोठं संशोधन केलं. त्यांच्या व्याख्येत तीन गोष्टी आहेत. त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो आणि दोघांच्या ताकदीत असा फरक असतो की त्रास सोसणाऱ्याला स्वतःचा बचाव करता येत नाही. सामना हरल्यावर दोन तुल्यबळ मुलं एकमेकांवर ओरडली तर ते भांडण. तोच मुलगा रोज कपडे बदलण्याच्या खोलीत एकाच मुलाचे बूट लपवतो, बाकीचे हसतात आणि त्या मुलाला काही करता येत नाही, तर तो छळ. हा फरक मोठ्यांना कळायलाच हवा, कारण भांडणात दोघांना समोरासमोर बसवून "हात मिळवा" म्हणता येतं. छळात तसं केलं तर ज्याचा छळ होतो त्याला, ज्याने छळलं त्याचाच हात हातात घ्यायला आपण भाग पाडतो.

मग खेळाडू मुलंच दादागिरी करतात का? फिलिप रॉडकिन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे फार उपयोगी आहे. चौथी ते सहावीतल्या मुलग्यांमध्ये त्यांना दोन प्रकारचे लोकप्रिय मुलगे आढळले. पहिल्या प्रकारातल्यांबद्दल वर्गमित्र म्हणत: भारी, खेळात चांगला, पुढाकार घेणारा, मदत करणारा, अभ्यासू. दुसऱ्या प्रकारातल्यांबद्दल म्हणत: भारी, खेळात चांगला आणि त्रासदायक. "खेळात चांगला" हे दोन्ही याद्यांत आहे. खेळाचं कौशल्य मुलाला वर्गात वजन मिळवून देतं. त्या वजनाचं तो काय करणार हे कौशल्य ठरवत नाही. एखाद्याला दुबळ्या मुलासाठी उभं राहण्याची हिंमत त्याच वजनातून मिळते.

त्रास देणारी मुलं आतून घाबरलेली आणि स्वतःला कमी समजणारी असतात, असं आपण नेहमी ऐकतो. ओल्वेयस यांना तसं आढळलं नाही. त्यांनी पाहिलेल्या अशा मुलांचं स्वतःबद्दलचं मत बऱ्यापैकी चांगलं होतं. अमेरिकेत रॉबर्ट फॅरिस आणि डायेन फेलम्ली यांनी २०११ मध्ये शाळकरी मुलांच्या मैत्रीच्या जाळ्याचा अभ्यास मांडला. मुलांचं वर्गातलं स्थान जसजसं वर जातं तसतसा त्यांचा दुसऱ्यांना त्रास देण्याकडे कल वाढतो, आणि अगदी शिखरावर पोचल्यावर मात्र तो खाली येतो. तळाच्या मुलांकडे त्रास द्यायला ताकद नसते, शिखरावरच्यांना गरज नसते. मधले चढत असतात. संघातला सर्वोत्तम खेळाडू मला कधीच त्रास द्यायचा नाही. त्रास द्यायचे ते राखीव खेळाडू, ज्यांची जागा पक्की नव्हती. हे कोडं मला हा अभ्यास वाचल्यावर सुटलं.

चढायचं म्हणजे बघणारे हवेत. कॅनडातल्या डेब्रा पेपलर, वेंडी क्रेग आणि लिन हॉकिन्स यांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून आणि मुलांना बिनतारी मायक्रोफोन देऊन चित्रण केलं. २००१ मध्ये त्यांनी मांडलेले आकडे असे: त्रास देण्याच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं तिथे हजर होती. मधे पडलं कुणी तर फक्त १९ टक्के प्रसंगांत. पण ज्या ज्या वेळी कुणी मधे पडलं त्यातल्या ५७ टक्के वेळा त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! भाषण नको, मारामारी नको, "ए, सोड ना त्याला, चल खेळायला" एवढं कुणीतरी म्हणायचं असतं. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी बघ्यांमधलेही प्रकार दाखवून दिले: हाताखाली राहून मदत करणारे, हसून चढवणारे, लांब राहणारे आणि वाचवणारे. त्यावरच उभा राहिलेला 'किवा' (KiVa) हा छळ रोखण्याचा कार्यक्रम फिनलंडच्या शाळांमध्ये राबवला जातो, आणि त्याचा मुख्य भर या हसणाऱ्यांवर आणि लांब राहणाऱ्यांवर आहे. हसू थांबलं की दादागिरीतली मिळकतच जाते.

संघाच्या आतला छळ याहून लपलेला असतो. नव्या खेळाडूचं "स्वागत" म्हणून त्याच्याकडून लाजिरवाणी कामं करून घेणं, सगळ्यांचं सामान वाहायला लावणं, अंगचटीला जाणं. ज्याला हे सोसावं लागतं तो बोलत नाही, कारण बोलला तर संघातली जागा जाईल, आणि तो तर खेळाडू, त्याला कोण छळणार असं सगळ्यांना वाटतं. "दांडगट" या शिक्क्याखाली त्याचं दुःख कुणाला दिसत नाही. गेल्या वर्षी सोसलेलीच मुलं या वर्षी नव्यांना छळतात, हे बाहेरून न कळणारं वाटतं. एलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स यांच्या १९५९ च्या प्रयोगात याचा एक धागा सापडतो. एका गटात प्रवेश मिळवण्यासाठी ज्यांना जास्त लाजिरवाणं काहीतरी करावं लागलं, त्यांना तो कंटाळवाणा गट इतरांपेक्षा जास्त आवडला. एवढं सोसलं ते फुकट गेलं असं मन मानायला तयार होत नाही. मग ते म्हणतं, यानेच आम्ही घडलो, आता तुम्हीही घडा.

मुलं जात्याच अशी असतात का? १९५४ मध्ये मुझफ्फर शेरीफ यांनी ओक्लाहोमातल्या एका उन्हाळी शिबिरात सुमारे अकरा वर्षांच्या २२ मुलग्यांचे दोन गट केले, त्यांना बेसबॉल आणि रस्सीखेच अशा स्पर्धांत बक्षिसांसाठी झुंजवलं, आणि थोड्याच दिवसांत मुलं एकमेकांचे झेंडे जाळू लागली. हा प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. आदल्याच वर्षी त्यांनी केलेला तसाच प्रयत्न मात्र क्वचितच कुणी सांगतं. त्या वेळी गट पाडण्याआधी मुलांची एकमेकांशी मैत्री झाली होती. मोठ्यांनी मुद्दाम काड्या घातल्या तरी ती मुलं भांडायला तयार होईनात, आणि प्रयोग सोडून द्यावा लागला. ओक्लाहोमातही शेवटी भांडण मिटलं ते एकत्र काम करायची वेळ आली तेव्हा. शिबिराचा ट्रक बंद पडला, आणि ज्या दोराने मुलं रस्सीखेच खेळली होती तोच दोर ट्रकला बांधून दोन्ही गटांनी मिळून ओढला. दोर तोच होता. तो कोणत्या बाजूने ओढायचा हे मोठ्यांनी मांडलेल्या डावावर ठरलं.

म्हणून मला पीटीचे सर, बाई आणि प्रशिक्षक यांच्याशी बोलायचं आहे. मुलांना भर मैदानात एकेक करून निवडू देऊ नका; संघ तुम्ही आधीच कागदावर पाडून आणा. अकरा-अकराच्या खेळाऐवजी तीन-तीन किंवा चार-चारचे लहान सामने एकाच वेळी खेळवा, म्हणजे चेंडू लपून राहत नाही, प्रत्येकाकडे येतो. जागा फिरवत ठेवा. हरलेल्यांना शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावू नका, त्याने मुलं एवढंच शिकतात की धावणं ही शिक्षा आहे. कपडे बदलण्याची खोली, पाण्याचा नळ, संघाची बस या जागांवर डोळा ठेवा. मैदानावर सगळे बघत असतात, छळ होतो तो इथे. आणि चांगल्या खेळाडूला नुसतं "छान मारलास" म्हणू नका. त्याने नवख्याकडे चेंडू दिला तर तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा. तुम्ही ज्याला शाबासकी देता त्याचीच नक्कल संघ करतो.

पालकांनी दोन वाक्यं सोडून द्यावीत: "तूही दोन ठेवून दे" आणि "लक्ष देऊ नकोस". ज्याच्यापाशी ताकद कमी आहे त्याच्यावरच हे दोन्ही उपाय सोपवून आपण मोकळे होतो. एखाद्या मुलाला सांघिक खेळ खरोखरच नको असेल तर पोहणं, धावणं, सायकल, डोंगर चढणं यांत ते रमू शकतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त ते त्याने निवडलेलं असावं, हाकलून दिल्यामुळे उरलेलं नव्हे. हा फरक ओळखायला मूल खेळून घरी आल्यावर "जिंकलात का?" च्या आधी एक वेगळा प्रश्न विचारून बघा: "आज चेंडू तुझ्याकडे किती वेळा आला?" उत्तर येईल चार, सहा, किंवा "मोजलं नाही", आणि ते सर्वांत चांगलं उत्तर. "एकदाही नाही" असं दोन-तीन आठवडे लागोपाठ ऐकू आलं, तर मुलाला सरावाचे धडे देत बसू नका. सरांना जाऊन भेटा, आणि तक्रार न करता एवढंच म्हणा, "उद्या एक तास तुम्ही फक्त चेंडू कुणाकुणाकडे जातो ते मोजाल का?"